रिसेप्शनवरच्या फोनसाहेबांस

प्रति,
श्रीमान आयपी फोनसाहेब,
रिसेप्शन, सोफ्याशेजारचं टेबल.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल दुपारी वीज गेली आणि परत आली, तेव्हा आपल्यासकट आख्ख्या मजल्यावरचे फोन एकदम जागे झाले. जुन्या टेलिफोनवर ही वेळ येत नसे. लोडशेडिंगमध्ये पंखा बंद, दिवे बंद, पण रिसीव्हर उचलला की डायलटोन हजर; एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांचे 48 व्होल्ट तारेतूनच यायचे. वीज तुम्हालाही नेटवर्कच्या तारेतूनच मिळते, पण ती आमच्या स्विचमधून. स्विचला यूपीएस हवा, असा प्रस्ताव वर गेलेला आहे. वरच आहे.

जागे झाल्यावर आपण जे करता, ते पाहून मात्र हात जोडावेसे वाटतात. कालचं थोडंफार आठवत असलं तरी त्यावर विसंबायचं नाही, हा आपला बाणा. आधी नेटवर्कभर हाक: कुणीतरी मला पत्ता द्या हो! डीएचसीपी पत्ता देतो आणि त्यासोबत, ऑप्शन 66 मध्ये, आपल्या सेटिंग्जची फाइल कुठल्या सर्व्हरवर मिळेल तेही सांगतो. (शेजारच्या सिस्को घराण्यात ऑप्शन 150 चालतो, तिथे एकाहून जास्त सर्व्हर सांगता येतात. थोरामोठ्यांचं सगळंच ऐसपैस.) उत्तर देणारा खरा डीएचसीपी आहे की तोतया, ही चौकशी आपल्या स्वभावात नाही. मागे कुणीतरी मोबाइलला रेंज नाही म्हणून घरचा वायफाय राउटर आणून भिंतीतल्या जॅकला खुपसला. अर्ध्या मजल्यावरच्या आपल्या भाऊबंदांनी त्या राउटरलाच मायबाप मानलं आणि सर्व्हरचा पत्ता न कळल्यामुळे संध्याकाळपर्यंत मौन पाळलं.

पत्ता मिळाला की आपण टीएफटीपीच्या दारी जाता, 69 नंबरच्या पोर्टवर. हा प्रोटोकॉल 1981 सालच्या आरएफसी 783 मधला, 1992 मध्ये आरएफसी 1350 म्हणून सुधारून लिहिलेला. सुधारणेतही लॉगिन आलं नाही, पासवर्ड आला नाही. फाइलचं नाव सांगा, 512 बाइटचा एक तुकडा घ्या, पोच द्या, पुढचा घ्या. फाइल नेमकी 512 च्या पटीत भरली, तर संपल्याची खूण म्हणून शेवटी एक रिकामा तुकडाही पाठवतात. एवढा शिष्टाचार आहे, फक्त ‘आपण कोण?’ हे विचारायची पद्धत नाही.

नाव मात्र अक्षरशः बरोबर लागतं. आपला बारा अंकी-अक्षरी मॅक पत्ता म्हणजेच फाइलचं नाव; कुणाच्या घराण्यात तो कॅपिटलमध्ये, कुणाच्या स्मॉलमध्ये. लिनक्स सर्व्हरच्या लेखी ती दोन वेगळी नावं. हिशेब विभागातल्या एका फोनची फाइल कॅपिटलमध्ये ठेवली गेली होती आणि तो बिचारा स्मॉलमध्ये मागत बसला. सर्व्हर म्हणे फाइल नाही, व्हेंडरचा माणूस म्हणे केबल बदला. केबल बदलली. मग स्विचचा पोर्ट बदलला. मग खुर्ची बदलायचं तेवढं राहिलं होतं. शेवटी सर्व्हरचा लॉग उघडला, तर तिथे तीच मागणी आणि तोच नकार, पानंच्या पानं.

आता मुद्द्याचं. या कार्यालयात माणसाला एक्स्टेन्शन हवं असेल तर फॉर्म, साहेबांची सही, आयकार्डाची झेरॉक्स. माझा पासवर्ड दर 90 दिवसांनी बदलावा लागतो. त्यात एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह, आणि जुना परत चालत नाही. आपला पासवर्ड त्या फाइलमध्ये उघडा लिहिलेला आहे, एक्स्टेन्शन नंबराच्या खालच्याच ओळीत. ती फाइल मिळवायला लागतो तो मॅक पत्ता आपल्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला आहे, बारकोडसकट. आणि आपलं आसन कुठे? जिथे बाहेरचा माणूस चहाचा कप हातात धरून अर्धा तास बसवून ठेवला जातो, तिथे. फोन उलटा करायला दोन सेकंद लागतात. आपल्या पाठीला लॅपटॉप जोडायचं भोकही आहे, आणि आमच्याकडे फोन आणि कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर सुखाने नांदतात. गेटवर मात्र त्याच पाहुण्याच्या पेनड्राइव्हची नोंद झालेली असते, सही घेऊन.

मग कुणी आपल्या नावाने रात्रभर परदेशात फोन लावले, तर बिल येईल तेव्हा कळेल. तेव्हा आपण शपथेवर सांगू शकाल की आपण टेबलावरच होता.

तसे आपण अडाणी नाही. आपल्या मेनूत एचटीटीपीएसने फाइल आणायची सोय आहे, कारखान्यातूनच आलेलं सर्टिफिकेट पोटात आहे, ते दाखवून ओळख पटवता येते. फोनचं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्क, वेगळं करता येतं, तोतया डीएचसीपीचं तोंड स्विचवरच बंद करता येतं. तो स्विच आमच्याकडे आहे, आणि हे सगळं करायला एखादा शनिवार पुरेल. मी हे मीटिंगमध्ये मांडलं. उत्तर मिळालं, ‘फोन चालू आहेत ना? मग हात लावू नका.’ मिनिट्समध्ये ‘चर्चा झाली’ असं आलं आहे.

तेव्हा विनंती अशी, की आपणच जरा भाव खावा. एखादी फाइल समोर आली की लगेच गिळू नये. जमल्यास साहेबांच्या केबिनमधल्या आपल्या बंधूंनी सोमवारी सकाळी, ऐन व्हिडिओ मीटिंगच्या आधी, ओळखपत्र मागावं. यूपीएसचा प्रस्तावही त्यानिमित्ताने खाली येईल.

कळावे.

आपला,
खालच्या मजल्यावरचा आयटीवाला

ता. क. : या पत्राची प्रत आपल्या सर्व्हरवर, आपल्याच मॅक पत्त्याच्या नावाने ठेवली आहे. स्मॉलमध्ये. वाचायला पासवर्ड लागत नाही.