दोन सेंटिमीटरच्या घोड्याची वरात

सिंगापूर,
१२ नोव्हेंबर

ती. आई आणि ती. अप्पांस,


फोन असताना पत्र कशाला, असं अप्पा म्हणतीलच. फोन तुमच्या चिरंजीवांच्या हातात असतो आणि बॅगांचा विषय निघाला की ते मला बोलू देत नाहीत, म्हणून पत्र. डिसेंबरात आम्ही मालवणला येतोय हे त्यांनी तुम्हाला कळवलंय. सोबत काय काय येतंय हे मात्र शिताफीने गाळलंय. तेवढं सांगायचं काम माझ्याकडे.

अप्पा, चिरंजीवांचं पाण्याखालच्या फोटोंचं वेड ऐकून तुम्ही विचारलं होतंत, "मासो खावचो काय त्येचो फोटो काढूचो?" त्याचं उत्तर आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. पण फोटो काढायचा तर काय काय लागतं, ते मला आता तोंडपाठ झालंय. एक कॅमेरा. तो पाण्यात न्यायला ॲल्युमिनियमची भक्कम पेटी, तिला हाउसिंग म्हणायचं. पेटीच्या तोंडाशी काचेचा नाहीतर ॲक्रिलिकचा घुमट, तो डोम. पाण्यात खाली गेलं की लाल रंग पहिल्या काही मीटरांतच नाहीसा होतो, म्हणून दोन बाजूंना दोन फ्लॅश, त्यांचं नाव स्ट्रोब. ते धरायला सांध्यांचे दोन लांब हात. शिवाय क्लॅम्प, केबली, चार्जर, बॅटऱ्या, टॉर्च, रबरी कड्या आणि त्या कड्यांना लावायचं सिलिकॉन ग्रीस. हे झालं कॅमेऱ्याचं. बुडी मारणाऱ्या माणसाचं वेगळं: मास्क, फिन्स, वेटसूट, रेग्युलेटर, हवा भरायचं जॅकेट. सिलिंडर आणि कमरेला बांधायचं शिसं तिथलं डाइव्ह सेंटर देतं म्हणून आम्ही वाचलो. नाहीतर शिसंही घरून गेलं असतं.

आणि हे कशासाठी? मागच्या वर्षी आम्ही इंडोनेशियात, सुलावेसी बेटाजवळच्या लेंबे सामुद्रधुनीत गेलो होतो. तळाशी ज्वालामुखीची काळी वाळू आणि त्या वाळूत लपलेले चित्रविचित्र जीव बघायला जगभरचे फोटोवाले तिथे येतात. चिरंजीवांना हवा होता पिग्मी सीहॉर्स, म्हणजे बुटका समुद्री घोडा. लांबी साधारण दोन सेंटिमीटर. तो समुद्रपंख्याच्या फांदीला शेपटी गुंडाळून बसतो, आणि त्याच्या अंगावर त्या फांदीसारख्याच गुलाबी गाठी असतात. १९६९ साली न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्जिबाँ यांनी मत्स्यालयासाठी आणलेला समुद्रपंखा टेबलावर तपासायला घेतला, तेव्हा कुठे हे घोडे पहिल्यांदा माणसाच्या नजरेस पडले. जातीला नावही त्यांचंच मिळालं. त्यांनी घोडा टेबलावर आणून पाहिला. तुमचे चिरंजीव घोड्याच्या घरी वरात घेऊन जातात.

आता वरातीच्या वजनाकडे येते. इकडच्या बहुतेक विमान कंपन्या साध्या तिकिटावर हातात सात किलो नेऊ देतात. खाली द्यायच्या सामानाला तिकिटाप्रमाणे वीस, तेवीस, तीस किलो. एकेक बॅग मात्र बत्तीस किलोंच्या वर सहसा घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्यालाही पाठ असते. वाटतं की मग काय, जड ते खाली आणि हलकं ते हातात. पण गोम पुढेच आहे.

लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या खालच्या सामानात चालत नाहीत, त्या हातातच न्याव्या लागतात. वर पेटली तर कर्मचारी विझवू शकतात, खाली सामानाच्या कप्प्यात कोण जाणार? त्यातही मर्यादा आहे. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास निघतात. शंभरपर्यंत मुभा, शंभर ते एकशेसाठपर्यंत विमान कंपनीची परवानगी काढून जास्तीत जास्त दोन, त्यापुढे नाहीच. चिरंजीवांच्या मोठ्या दिव्याची बॅटरी १४.४ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-तासांची, म्हणजे ९७.९२. दहावीला गणितात मार्क मिळाले तेव्हा झाला नसेल इतका आनंद त्यांना त्या दशांश चिन्हाचा झाला. प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवायची. टॉर्चमधून बॅटरी काढूनच ठेवायची. पाण्याबाहेर चुकून चालू राहिला तर तो भयंकर तापतो.

बॅटऱ्या झाल्या. आता कॅमेरा खाली द्यावा, तर तेही नाही. सामान हरवलं किंवा मोडलं तर १९९९ च्या माँट्रियल करारानुसार भरपाईला कमाल मर्यादा आहे. हल्ली ती माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे नाणेनिधीचं हिशोबाचं चलन, आणि ही रक्कम होते साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर. चिरंजीवांची नुसती ॲल्युमिनियमची पेटी त्याच्या पुढे जाते. ती केवढ्याला पडली ते आई, तुम्ही त्यांनाच विचारा, मला सांगताना त्यांचा आवाज बारीक होतो. शिवाय बऱ्याच कंपन्या नियमांत सरळ लिहितात की कॅमेरे आणि नाजूक वस्तू खाली देऊ नका. म्हणजे जे जे जड ते ते महाग, जे महाग ते हातात, आणि हातात सात किलो.

मग सुरू झाला बॅगांचा शोध. पहिली पसंती होती पेलिकनच्या काळ्या पेटीला, १५१० नंबरची. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात बसेल अशा मापाची, दणकट, धूळ-पाणी आत जाऊ न देणारी, कडेला दाब समान करणारा व्हॉल्व्ह. दुकानात चिरंजीव तिच्यावर चक्क उभे राहिले. मी विचारलं, कॅमेऱ्याची पेटी पाण्यात जाते, मग त्या पेटीच्या पेटीला पाण्यापासून कशाला जपायचं? दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं आणि यांनी दुकानदाराकडे. मग मी ती रिकामी उचलून बघितली. आत काही न ठेवता पाच किलोच्या वर! उरलेल्या दोन किलोंत काय भरायचं, झाकणाचं कौतुक? त्याच कंपनीची हलकी जातही असते, तीसुद्धा रिकामी चार किलोंच्या आसपास. आणि अशी पेटी विमानतळाच्या पट्ट्यावरून फिरायला लागली की आत काहीतरी किमती आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा नंबर चाकांच्या कॅमेरा बॅगेचा. दिसायला देखणी, आत मऊ कप्पे. पण चाकं, दांडा आणि त्याचा सांगाडा हे सगळं आपल्याच सात किलोंत मोजलं जातं. लेंबेच्या जेटीवर लाकडी फळ्यांत चाक अडकलं की बॅग शेवटी उचलूनच न्यायची, मग चाकांचं भाडं कशाला भरा? तिसरी पाठीवरची सॅक. वजनाने सगळ्यांत समंजस, रिकामी दीड-दोन किलो. आमच्याकडे ती अजून आहे, पण डोम तिच्यात मावत नाही.

ह्या शोधात घराची कळा बघण्यासारखी झाली होती. बेडरूमच्या दाराच्या मुठीला बॅग तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा कायमचा लटकलेला. स्वयंपाकघरातला माझा काटा मागितला तर त्याच्यावर लेन्स. चिरंजीवांनी मोज्यांचं वजन केलं, टूथब्रशचं केलं, लेन्सच्या झाकणाचंही केलं. आमच्याकडे बघायची त्यांची नजरसुद्धा बदलली. तुमची नात आणि मी आता त्यांच्या हिशोबात माणसं नाही, प्रत्येकी सात किलो आहोत.

त्या सात किलोंचं काय झालं तेही ऐका. नातीच्या पाठीवर युनिकॉर्नची गुलाबी सॅक असते ना, ती चांगी विमानतळावर एक्स-रेमधून गेली आणि पट्टा थांबला. तिथल्या बाईंनी फार मायेने चेन उघडली. वरती रंगाचे खडू. खडूंखाली नातीचा स्वेटर. स्वेटरात गुंडाळलेला आठ इंची काचेचा डोम. खाली प्लॅस्टिकच्या डब्यांत ओळीने लावलेले पेन्सिल सेल, आणि तळाशी एक लेन्स. बाईंनी नातीला विचारलं, हे तुझं का? ती म्हणाली, "नाही, बाबांचं. माझे फक्त खडू." बाबा तेव्हा पलीकडे हाउसिंगचं झाकण उघडून दाखवत होते, कारण जाड ॲल्युमिनियमच्या आत काय आहे ते एक्स-रेला नीट दिसत नाही. अंगात त्यांच्या जाडजूड जॅकेट. सिंगापूरच्या घामट हवेत जॅकेट! कारण अंगावरचं कोणी तोलत नाही. दोन्ही खिशांत एकेक लेन्स, आतल्या खिशात बॅटऱ्या. त्याआधी काउंटरवरच्या मुलीने विचारलंही होतं, थंडी वाजतेय का? "विमानात वाजते," असं सांगून त्यांनी बॅग काट्यावर ठेवली. ६.९ किलो. त्या वेळचा त्यांचा चेहरा बघून मला लग्नातला फोटो आठवला. तिथे ते इतके खूश दिसत नाहीत.

शेवटी बॅग मिळाली ती इथल्या मुस्तफा सेंटरमध्ये. मी कढई आणायला गेले होते. बॅगांच्या मजल्यावर एका कोपऱ्यात शीतपेयं थंड ठेवायच्या मऊ पिशव्या होत्या. आत जाड फोमचं अस्तर, कडा ताठ, खांद्याला पट्टा, वजन किलोभर. मी फोन लावून हाउसिंगचं माप विचारलं. पाण्याखालचे बरेच फोटोवाले बोटीवर कॅमेरा अशाच पिशवीत ठेवतात, हे तेव्हा चिरंजीवांनी सांगितलं. हे ज्ञान त्यांना आधीपासून होतं, तर आम्ही काळ्या पेट्यांवर उभे का राहत होतो? पिशवी निळी आहे, अगदी साधी. तिच्याकडे बघून कोणी म्हणणार नाही की आत कॅमेरा असेल, फार तर बिअर असेल.

हिशोब असा बसतो. निळी पिशवी किलोभर, हाउसिंग तीन, कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून दोन, बॅटऱ्या एक. झाले सात. बाकीचे धातूचे हात, क्लॅम्प, स्ट्रोब, चार्जर, पान्यांचा संच, बुडी मारायचा चाकू हे सगळं खालच्या साध्या सूटकेसमध्ये, वेटसूटच्या घड्यांत घालून. वेटसूटचं निओप्रीन हे मुळात जाड रबराचा फोमच असतं, त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

एक शहाणपण मात्र मी त्यांच्याकडून शिकले. विमान उंच गेल्यावर आतल्या हवेचा दाब सुमारे २,४०० मीटर उंचीवर असावा इतका कमी होतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटरचं, म्हणजे त्याच्याही पुष्कळ वर. पेटी घट्ट बंद करून नेली तर आतली थोडी हवा वाटेत बाहेर सुटते, आणि खाली उतरल्यावर बाहेरच्या दाबाने झाकण असं बसतं की उघडता उघडत नाही. म्हणून प्रवासात हाउसिंगची आणि स्ट्रोबची रबरी कडी काढून वेगळ्या पाकिटात ठेवायची. पाण्यात उतरण्याआधी ती पुसून, ग्रीस लावून परत बसवायची. कडीवर एक केस राहिला तरी पाणी आत. तो केस माझाच असतो, असं यांचं ठाम मत आहे.

परतीचं गणित आणखी वेगळं. शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये म्हणतात, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. हे अठरा तास माझे आवडते. त्यात ओले वेटसूट वाळतात. ओल्या वेटसूटमध्ये पाणी किलोंनी बसतं, आणि समुद्राच्या पाण्याचं विमानभाडं भरण्याइतकी आमची ऐपत नाही.

आता मालवणचं. चिरंजीवांना तारकर्लीला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला प्रवाळांवर बुड्या मारायच्या आहेत. पावसाळ्यात तिकडे बुड्या बंद असतात, डिसेंबरात पाणी त्यातल्या त्यात निवळ असतं, म्हणून हाच महिना. मुंबईहून पुढे विमानाने यायचं तर देशातल्या तिकिटावर बहुधा खाली पंधराच किलो. म्हणून आम्ही कोकणकन्येने कुडाळला उतरू. एसी थ्री टिअरला माणशी चाळीस किलो फुकट! हे वाचून तुमच्या चिरंजीवांनी कोकण रेल्वेला मनोमन दंडवत घातला. माझी भीती एवढीच की चाळीस किलोंचा आकडा बघून ते आणखी एक स्ट्रोब घेतील.

आई, परतताना मसाला आम्हाला हवाच आहे, पण दोन किलोच करा. आगळाची बाटली स्ट्रोबच्या बॅगेत जाणार नाही, ती माझ्या साड्यांत जाईल. पोहे, कुळथाचं पीठ यंदा राहू दे. ते इथे मिळतात, महाग मिळतात, पण जास्तीच्या सामानाच्या दंडापेक्षा स्वस्तच पडतात.

अप्पा, तुमच्या ओळखीचं कोणी अशा प्रवासाला बॅग घ्यायला निघालं तर माझा निकाल सांगा. आधी बॅग रिकामी तोला, मग तिचं रूप बघा. जी बॅग पाहून चोराला काही वाटत नाही आणि जी आपली आपल्याला डोक्यावरच्या कप्प्यात चढवता येते, तीच घ्या. बिलं आणि सीरियल नंबरांची यादी सोबत ठेवा, कस्टमवाल्यांनी विचारलं तर बोलाचाली होत नाही.

कुडाळ स्टेशनवर रिक्षा नको, मागे हौदा असलेला टेंपो सांगून ठेवा. तुमची नात आजोबांना खडूंनी काढलेला घोडा दाखवणार आहे, तो मोठा आहे, चांगला दिसतो. दोघांनी तब्येतीला जपा.

तुमची,
सून

ता. क. आई, सामानात एक निळी बर्फाची पिशवी असेल. घरात आली की लगेच माळ्यावर ठेवायला सांगा. सकाळी बाजारातून येताना तिच्यात बांगडे आणायचे नाहीत.