पाणंदवीर

शिक्रापूरच्या पुढे एखाद्या ढाब्यासमोर रविवारी भल्या सकाळी मागे सायकल टांगलेली मोटार उभी दिसली, की समजावं, पाणंदवीर उतरले. मुक्काम खराडी किंवा वाघोली, नोकरी संगणकाची, वय चाळिशीच्या अल्याडपल्याड. सायकलीला 29 इंची चाकं, पुढे शॉकअप, पाठीवर नळी लावलेली पाण्याची पिशवी. हँडलवर चिमुकला जीपीएस.

आणि डोक्यात नियम. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकल संघटना 1988 साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिची शिस्त यांना तोंडपाठ आहे: सायकलवाल्यानं पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यायची, उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला. चढणाऱ्याला आधी वाट हे तर आपल्या मोटारींसाठीच्या 1989 च्या रस्ता-नियमांतही होतं, हेही ते ऐकवतात. अडचण एवढीच, की शिरूर-दौंडच्या सपाटीवर चढ शोधावा लागतो. चासकमानच्या नाहीतर खडकवासल्याच्या कालव्याचा भराव, तेवढीच उंची. खरा चढ पाहिजे तर यवतवरून भुलेश्वरला जायचं. पण भुलेश्वर पुरंदर तालुक्यात पडतं.

घोडा मात्र भेटतो. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे रानोमाळ हिंडू लागतात. पुढे मेंढरं, मागे घोडं, घोड्यावर अख्खं बिऱ्हाड: भांडी, वाघर, घोंगड्या, पाय बांधलेली कोंबडी आणि वर नुकतंच जन्मलेलं कोकरू. लगाम लुगडं नेसलेल्या बाईच्या हातात. पाणंदवीर नियमाप्रमाणे सायकलीवरून उतरतात, खालच्या अंगाला उभे राहतात आणि घोडा बुजू नये म्हणून प्रेमळ आवाजात काहीतरी बोलतात. घोडं ढिम्म असतं. बुजतो तो कुत्रा. हेल्मेट आणि काळा चष्मा घातलेला माणूस घोड्याशी बोलतोय, हे त्याला कुठल्याच हिशेबात बसत नाही. मग घंटी वाजते, मेंढरं चौफेर उधळतात, आणि पुढचा अर्धा तास वाट कुणाचीच राहत नाही.

उसाच्या हंगामात तर नियमांचं पुस्तक बासनात. पाटसचा भीमा, आलेगावचा दौंड शुगर, अशा कारखान्यांकडे निघालेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या भरून पाणंदीत शिरला, की वाटेचा प्रश्न पदार्थविज्ञान सोडवतं. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या मागे घेणं जवळजवळ अशक्य. रेटली की मधला सांधा मुडपतो आणि मागची ट्रॉली भलतीकडे जाते. त्यात स्पीकर फुल्ल. त्यामुळे समोरून येईल तो मागे जातो, मग तो सायकलवाला असो की सरपंच. पाणंदवीर बांधावर चढतात, घाणेरीत घुसतात आणि तिथून हात वर करून ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणतात. कशाबद्दल, ते ड्रायव्हरलाही उमगत नाही.

एक गोष्ट मात्र ते न शिकवता पाळतात. शिरूरच्या घोड-कुकडी पट्ट्यात, पिंपरखेड-जांबूतकडे, उजाडल्याशिवाय जात नाहीत. उसात बिबट्या आहे, आणि तिथल्या माणसांनी त्याची किंमत मोजली आहे. तिथे कुणी चेष्टा करत नाही.

पण यांची खरी कसोटी लागते ती वाट संपते तिथे. गावनकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेघेनं दाखवतात, पायवाट एकेरीनं. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीवाटेची निदान साडेसोळा. कागदावर. जमिनीवर दोन्हीकडचे बांध दर नांगरटीला वीतभर सरकलेले असतात. मोबाइलचा नकाशा ‘सरळ पुढे’ म्हणतो आणि सरळ पुढे कांदा असतो, नुकता लावलेला, पाणी पाजलेला.

पाणंदवीर थांबतात. जीपीएस काढून हातात धरतात, कांद्याकडे बघतात, पुन्हा स्क्रीनकडे बघतात. एवढं पुरतं. दोन वस्त्यांवरून दोन भाऊ निघतात.

“मोजणीचं सायेब आलं जणू.”

यांच्या लेखी वाट देणं म्हणजे अर्ध्या मिनिटाचं सौजन्य. इथे वाटेची वहिवाट आजोबांपासूनची, दावा वडिलांपासूनचा. धाकटा 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम 5 सांगतो, अडवलेली वाट मोकळी करून मागायचं. थोरला म्हणतो, मुळात इथे वाटच नव्हती. पाहिजे तर महसूल अधिनियमाच्या 143 खाली तहसीलदाराकडे बांधावरून नवी मागावी. दोघांना कलमं पाठ आहेत, आणि दोघांकडचा चहा घ्यावाच लागतो, कारण एकाचाच घेतला तर तो पक्षपात.

“मी साहेब नाही हो,” पाणंदवीर काकुळतीला येतात. “मी सॉफ्टवेअरमध्ये आहे.”

“म्हंजी कॉम्प्युटरवाले? मग आमचा सातबारा काढा की. इतर हक्कात वाट लागलीय का बघा.”

कलत्या उन्हात पाणंदवीर लिंबाखाली बसून महाभूलेख उघडतात. गट नंबर टाकतात, कॅप्चा चुकतो. पुन्हा टाकतात, रेंज जाते. खांद्यावरून दोन्ही भाऊ डोकावतात, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळजवळ. पाणंदीत दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर केव्हाचा हॉर्न देतोय. त्याच्या वाटेत आडवी पडलीय ती 29 इंची सायकल.