मुनशीजी, मशीन आणि आसगावचा धुरा

आमच्या आसगावात वकील कमी आणि कायदेपंडित फार. पवनी तालुक्याच्या चौरास भागातलं हे गाव. जमीन कसदार, धान पिकतं, आणि धानाच्या प्रत्येक बांधीला धुरा असतो. धुरा म्हणजे बांध, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. रोवणीच्या तोंडावर चिखलणी करताना शेजाऱ्याचा ट्रॅक्टर धुरा वीतभर खातो आणि त्या वीतभर मातीत दिवाणी दावा उगवतो. बापाने लावलेला दावा मुलगा लढवतो, आणि नातू पानठेल्यावर उभा राहून त्याचा निकाल काय लागायला हवा होता ते सांगतो. मोजणी, मनाई हुकूम, कब्जा, वहिवाट हे शब्द इथल्या पोरांच्या कानावर बाराखडीच्या आधी पडतात. २०२४ च्या १ जुलैला नवी न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ४२० चं ३१८ झालं, ही बातमीही पानठेल्यावर वेळेत पोचली होती. फक्त ज्या माणसाला गाव चारशेवीस म्हणत होतं त्याला अजूनही चारशेवीसच म्हणतात. तीनशेअठरा म्हणून शिवी बसत नाही.

अशा गावातला माझा भाचा मुंबईला असतो. नागपुरातून वकिली शिकला, पण अंगावर काळा कोट फार दिवस टिकला नाही. आता मोठमोठ्या वकिली फर्ममध्ये जाऊन तो तिथल्या वकिलांना कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला शिकवतो. त्याची आई विचारणाऱ्यांना ‘कोर्टात कॉम्प्युटरचं काहीतरी करते’ एवढंच सांगते, कारण याहून जास्त सांगितलं की लोक ‘म्हणजे टायपिंग का?’ असं विचारतात.

शिकवायला वेळ लागत नाही, राजी करायला लागतो, असं तो म्हणतो. मला त्यात नवल वाटलं नाही. वकिलाला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न विचारायला शिकवलेलं असतं: याला दाखला काय? यापूर्वी कोणी, कुठे, कोणत्या साली असं केलंय? आणि नव्या गोष्टीची अडचण नेमकी हीच, की तिला दाखला नसतो. म्हणून भाचा दाखले जमवत फिरतो. मुंबईच्या सिरिल अमरचंद मंगलदास फर्मने २०१७ सालीच कॅनडाची ‘किरा’ नावाची प्रणाली घेतली, ती करारांच्या ढिगातून हवी ती कलमं शोधून देते, हा त्याचा आवडता दाखला. त्यावर समोरून येणारा प्रश्नही ठरलेला. मोठ्या फर्म तासावर बिल लावतात. दहा तासांचं काम मशीनने दहा मिनिटांत केलं तर बिल कशाचं लावायचं?

पवनीच्या कोर्टात ही चिंता नाही. तिथे फी तारखेवर असते, आणि तारीख लवकर आणणारं मशीन अजून निघालेलं नाही.

मंडईच्या जत्रेसाठी भाचा गावी आला तेव्हा मीच त्याला पवनीला आमच्या वकीलसाहेबांकडे घेऊन गेलो. काही माणसं पाहुण्याला पवनीचा किल्ला दाखवतात, मी वकीलसाहेबांचं ऑफिस दाखवतो. दोन लोखंडी कपाटं, लाल कापडात बांधलेले बस्ते, भिंतीवर धानाच्या बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर आणि कोपऱ्यातल्या टेबलामागे त्यांचे कारकून, मुनशीजी. वकीलसाहेब बोलता बोलता नुसता हात मागे करतात आणि त्या हातात हवा तो कागद येतो. भाच्याच्या भाषेत याला ‘डॉक्युमेंट मॅनेजमेंट सिस्टीम’ म्हणतात. पवनीत मुनशीजी म्हणतात.

भाच्याने लॅपटॉप उघडला. “काका, काहीही सांगा. आत्ता लिहून देतो.”

“आसगावच्या धुऱ्याची नोटीस काढ,” वकीलसाहेब म्हणाले. ‘काहीही’ म्हटल्यावर त्यांना दुसरं काय सुचणार!

चहाचा कप अर्धा व्हायच्या आत नोटीस तयार. मराठी चोख, ‘आमचे पक्षकारांचे सूचनेवरून व त्यांचे वतीने’ अशी सुरुवात. मुनशीजींनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. हे ते क्वचितच करतात. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. मौजे आसगाव, तालुका बार्देश, जिल्हा उत्तर गोवा. मशीनने आपलं आसगाव सोडून म्हापशाजवळचं, बंगलेवाल्या श्रीमंतांचं आसगाव धरलं होतं, आणि तेवढ्यावर न थांबता पोर्तुगीज काळापासून तिथे चालत आलेली दिवाणी संहिताही लावून टाकली होती.

“अधिकारक्षेत्र छान आहे,” वकीलसाहेब म्हणाले. “तारखेला जायला आमची काही हरकत नाही.”

भाच्याने चूक सांगितली. मशीनने ताबडतोब माफी मागितली, आसगाव भंडारा जिल्ह्यात आणून ठेवलं आणि झालेल्या गैरसोयीची भरपाई म्हणून की काय, नागपूर खंडपीठाचा एक निकालही जोडून दिला. पक्षकारांची नावं, साल, महाराष्ट्र लॉ जर्नलचा खंड, पान, सगळं होतं. मुद्दा तर असा तंतोतंत आपल्या बाजूचा की वकीलसाहेबही पुढे सरकले. मुनशीजी उठले, कपाटातून तो खंड काढला, पान उघडलं. त्या पानावर ट्रक अपघाताच्या नुकसानभरपाईचं प्रकरण होतं.

“याला हॅल्युसिनेशन म्हणतात,” भाचा जरा ओशाळून म्हणाला. “म्हणजे मशीनला भास होतो. नसलेलं दिसतं, आणि ते खात्रीने सांगतं.”

“आमच्याइकडं ह्याले साक्षीदार म्हंतेत,” मुनशीजी म्हणाले.

मी ते बोलणं विसरू शकलेलो नाही. कोर्टात उभं राहिल्यावर काही साक्षीदारांना ‘माहीत नाही’ म्हणणं अपमानास्पद वाटतं. विचारलं ते सगळं त्यांनी पाहिलेलं असतं, अंधारात पाहिलेलं असतं, धुऱ्यापलीकडून पाहिलेलं असतं, आणि बैलाचा रंगही त्यांना सांगता येतो. असा साक्षीदार वाईट नसतो. आपल्याला बोलावणाऱ्याची निराशा होऊ नये एवढीच त्याची इच्छा असते. मशीनचंही तसंच. आणि अशा साक्षीदाराशी कसं वागायचं याचं शास्त्र वकिलांइतकं कोणाजवळ आहे? उलटतपासणी ही त्यांची पिढीजात विद्या. मला तर वाटतं, या मशीनसाठी जगात सगळ्यात तयार गिऱ्हाईक कोणी असेल तर वकील. इंजिनीअर मशीनवर विश्वास ठेवतो, डॉक्टर ठेवेल, वकिलाने तो ठेवू नये म्हणून तर त्याला फी देतात.

पण विद्या वेळेवर आठवायला हवी. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली काय झालं पाहा. विमानात खानपानाची गाडी गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशाने एव्हियान्का कंपनीवर दावा लावला. त्याच्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले सहा निकाल कोर्टात दाखल केले. सहाही निकाल कधी लागलेलेच नव्हते. त्यातल्या एका वकिलाने खात्री करायचा प्रयत्न केला होता, नाही असं नाही. त्याने मशीनलाच विचारलं, हे निकाल खरे आहेत का? मशीन म्हणालं, खरे आहेत. साक्षीदाराला ‘खोटं तर बोलत नाहीस ना?’ एवढं विचारून खाली बसणाऱ्या वकिलाला आसगावच्या पानठेल्यावर कोणी खर्रासुद्धा दिला नसता. न्यायाधीश कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलर दंड केला.

हसायला जावं तर आपल्याकडेही तेच. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश आला, त्यात अधिकाऱ्याने दिलेले दाखले अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि मशीनने दिलेलं पडताळून घ्या, डोळे मिटून घेऊ नका, असं बजावलं. केरळ उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं: मशीन मदतीला चालेल, निर्णयाला नाही. गंमत म्हणजे न्यायालयं स्वतः मशीनला काही परकी नाहीत. नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश झाले त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात निकालांचं भाषांतर करणारं ‘सुवास’ आलं. २०२३ च्या फेब्रुवारीत घटनापीठापुढचा युक्तिवाद मशीनने बोलता बोलता टिपून घेतला, तो महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा. ज्या प्रकरणात कोण कोणाच्या बाजूला आहे हे माणसांना कळत नव्हतं, तिथे मशीनचा पहिला दिवस गेला. त्यातून टिकलं म्हणजे दमदार असणार.

पुन्हा पवनीला येतो. भाचा हार मानणारा नाही. त्याने जुने कागद मागितले. मशीन वाचून त्यांचा सारांश देईल म्हणाला. मुनशीजींनी एक बस्ता सोडला. आमच्या भागाचे जुने कागद हा स्वतंत्र विषय आहे. मालगुजारी गेली १९५१ साली, भंडारा मध्य प्रदेशातून निघालं १९५६ साली, त्यामुळे एकाच जमिनीचा इतिहास उर्दू वळणाच्या, हिंदी आणि मराठी अशा तीन बोलींत सांगितलेला. खसरा, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल, गुरं कुठून जातील, सरपण कुठून आणायचं, हे गावाचे हक्क त्यात लिहिलेले. छापील भाग मशीनने झरझर वाचला, अगदी कौतुक वाटावं इतका. मग पटवाऱ्याच्या हातची एक ओळ आली. मशीनने वाचलं, बोडीतून पाणी घेण्याचा हक्क. मुनशीजींनी कागद खिडकीकडे तिरपा धरला.

“पानी नाई. पांदन हाये. हा पटवारी ‘द’ असाच काढे.”

पाण्याची पांदण, म्हणजे शेतवाट, झाली की दावाच फिरतो. भाच्याने लॅपटॉप मिटला नाही, पण खुर्ची ओढून मुनशीजींच्या बाजूला नेली. ते वाचत गेले, तो टंकत गेला. मुंबईत तो याच कामाचे पैसे घेतो, फक्त तिथे शिकवणारा तो असतो.

मध्येच वकीलसाहेबांनी एक प्रश्न टाकला, तो मात्र मला सगळ्यात मोलाचा वाटला. “बाबू, हा कागद तुझ्या मशीनने वाचला, तो आता गेला कुठे?” पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं बाहेर काढायचं नाही, हे बंधन जुन्या पुरावा कायद्यात होतं, नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही आहे. ते नुसतं वकिलाला नाही, त्याच्या कारकुनालाही लागू होतं. म्हणजे कायद्याने मुनशीजींच्या तोंडाला कुलूप लावलेलं आहे. मशीनच्या तोंडाला कोणी लावलंय? भाचा म्हणाला की मोठ्या फर्म त्यासाठी वेगळे करार करतात, कागद फर्मच्या बाहेर जात नाहीत, मशीन त्यावर शिकत नाही. वकीलसाहेब म्हणाले, करार पाठव, मुनशीजी वाचतील.

शेवटी ऑफिसने एकच गोष्ट ठेवून घेतली: भाषांतर. खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी, पण दावा अपिलात नागपूर खंडपीठापुढे गेला की निकाल इंग्रजीत येतो. कास्तकाराला तारीख कळते, ती तर हल्ली ई-कोर्टच्या ॲपवर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर टाकून तो वकिलाच्या आधी पाहतो. पण जिंकलो का हरलो, एवढं कळलं तरी का, हे कळत नाही. एका म्हाताऱ्या पक्षकाराचा जाहीर झालेला निकाल मशीनला दिला, मराठी झाली. गुपित त्यात काही नव्हतं. मुनशीजी मूळ इंग्रजी मांडीवर घेऊन गट नंबर, हेक्टर-आर, बापाचं नाव असं एकेक जुळवत बसले. एके ठिकाणी ‘अपील मंजूर’ होतं, तिथे त्यांनी पेनने ‘अंशतः’ लिहिलं. मग वर ठळक अक्षरांत: माहितीपुरते, प्रमाण प्रत इंग्रजी.

म्हातारा कागद घेऊन आसगावला गेला. पानठेल्यावर नातवाने मोठ्याने वाचला, गावाने ऐकला, त्यावर दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी म्हातारा पवनीच्या ऑफिसात हजर. वहाणा बाहेर काढल्या, खुर्चीवर बसला, कागदाची घडी उलगडली. चौदाव्या परिच्छेदाखाली शाईने रेघ मारलेली होती.

“साहेब, इथं जज्जसाहेब लिवतेत का वहिवाटीचा मुद्दा आमच्या वकिलानं मांडलाच नाई. काहून नाई मांडला गा?”

वकीलसाहेबांनी हात मागे केला. या वेळी त्या हातात काहीच आलं नाही. मुनशीजी एका बस्त्याची गाठ सोडण्यात फारच गुंतले होते. त्याच संध्याकाळी वकीलसाहेबांचा भाच्याला फोन आला. बाकी मशीन पाहिजे तेवढं पाठव म्हणाले, पण भाषांतराचं बटण आधी मुनशीजींनी दाबायचं का मी, ते लेखी ठरवून दे.