सुरतेवर स्वारी, आहेराच्या साड्यांसाठी

मराठी माणूस सहज म्हणून सुरतेला कधी गेलेला नाही. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराज गेले, तेव्हा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि वीरजी व्होरासारख्या सावकाराची तिजोरी हलकी झाली. 1670 मध्ये महाराज पुन्हा जाऊन आले. 1907 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तर भर मांडवात कुणीतरी भिरकावलेला मराठी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. 2022 च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार रातोरात इथल्या हॉटेलात उतरले आणि मुंबईतलं सरकार गडगडलं. आमची मावशी निघाली ती मुलीच्या लग्नातल्या देण्याघेण्याच्या साड्या आणायला. या सगळ्या मोहिमांत तिचीच यादी सर्वांत लांब असावी.

अमळनेरला गाडीत बसलो. ही लाइन तापीच्या खोऱ्यातून पश्चिमेला उतरते. मुलताईला निघालेली तापी 724 किलोमीटर चालून सुरतेपाशी समुद्र गाठते आणि खानदेशातला पोरगा बारावी होताच तिच्यामागोमाग निघतो. वाटेत नवापूर लागतं. हे स्टेशन थोडं महाराष्ट्रात, थोडं गुजरातेत. फलाटावर एक बाकडं आहे, त्याच्या मधोमध राज्याची हद्द. गुजरातेकडे दारूबंदी, महाराष्ट्राकडे नाही. बसणाऱ्याचा तोल कुणीकडे जातो ते सांगायला नको. मावशीला हद्दीवर बसून फोटो हवा होता, पण गाडीने शिट्टी दिली.

सुरतेत पाहिलं महिधरपुरा. जगातल्या दहांपैकी नऊ हिऱ्यांना पैलू पाडणारं हे शहर, म्हणून मी काचेच्या पेट्या, बंदूकधारी शिपाई वगैरे मनाशी धरून होतो. तिथे गर्दीच्या रस्त्यावर माणसं स्कूटरला टेकून उभी, सीटवर कागदाच्या पुड्या उघडलेल्या, आणि पुडीत हिरे. मावशी पुटपुटली, "आमच्याकडे जिरंसुद्धा यापेक्षा जपून विकतात." खजोदला 2023 मध्ये पेंटागॉनपेक्षा मोठा हिरेबाजार बांधून उद्घाटनही झालं, तरी पुष्कळ व्यापाऱ्यांचा जीव जुन्या गल्लीतच. मला ते पटलं. स्कूटरच्या सीटला मेंटेनन्स भरावा लागत नाही.

'सुरतनुं जमण ने काशीनुं मरण' ही म्हण गुजराती मंडळी अभिमानाने ऐकवतात. काशीचा भाग पुढे कधीतरी बघू म्हणून आम्ही लोचोवर बसलो. वाफाळता, मऊ, वर तेल, शेव, कांदा. त्याला आकार असा नाहीच, त्यामुळे किती खाल्ला याचा हिशेबही लागत नाही. मग पोंक. कोवळ्या ज्वारीचे हिरवे दाणे आणि लिंबू-मिरीची शेव. "हा तर आपला हुरडा!" मावशी ओरडली. "शेतात फुकट खातो आपण!" आणि भाव ऐकून दुःखी चेहऱ्याने अर्धा किलो घेतला.

शेवटी रिंग रोड. मजल्यांवर मजले, दुकानाला दुकान चिकटलेलं, जिन्यातून डोक्यावर गठ्ठे घेऊन धावणारे हमाल. इथे साडी सुटी मिळत नाही, सेट घ्यावा लागतो. मावशीला तेच हवं होतं. कारण देण्याघेण्याची साडी नेसायची नसते. ती विहिणीकडून जावेकडे, जावेकडून नणंदेच्या नणंदेकडे घडी न मोडता फिरते. रिझर्व्ह बँकेची नोट मळते, ही मळत नाही, पॉलिएस्टर आहे.

मावशीने घासाघीस सुरू केली, आधी हिंदीत, मग तिच्या मते गुजरातीत. सेल्समन शांतपणे घड्या उलगडत राहिला. शेवटी वैतागून ती माझ्याकडे वळली आणि अहिराणीत त्याच्या सात पिढ्यांबद्दल दोन शब्द बोलली. तो पोरगा गालात हसला.

"मावशी, मी पारोळ्याना शे. भाव एकच शे."

मावशीने लगेच त्याचं आडनाव, गल्ली, लग्न ठरलंय का, सगळं विचारून घेतलं. भाव पाच रुपयांनीही उतरला नाही. मुलाचा मोबाइल नंबर मात्र यादीच्या मागच्या बाजूला लिहून झाला. धाकटीचं अजून जमायचं आहे.