सिंहस्थात लागेल

उज्जैनच्या फ्रीगंजातलं जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, की आधी नकाशा येतो, मग ठेकेदार येतो आणि सगळ्यात शेवटी सामान समोर येऊन उभं राहतं. माणसं काय, दीड वर्ष भाड्याच्या दोन खोल्यांत काढतील. पण पितळी हंडे, पाळणा, सागवानी कपाट आणि तीन पिढ्यांच्या गाद्या कुठे जाणार? मग टावर चौकाच्या आसपास कुणाची तरी रिकामी खोली गाठायची, महिन्याचं भाडं ठरवायचं आणि तिला आपलं कुलूप लावायचं. अमेरिकेत या धंद्यानं १९६० च्या दशकात टेक्सासमध्ये मूळ धरलं. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून माळा होता, आणि त्याला भाडं पडत नसे.

तशी हलवाहलव या गावाला नवी नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली. इतिहासकार त्यामागचं राजकारण सांगतात. मला मात्र मुदपाकखान्याची काळजी वाटते. ती अवाढव्य पातेली एकात एक कुणी बसवली असतील? आणि ‘हे इथंच राहू दे, लागलं तर मागवू’ म्हणणाऱ्या एखाद्या आत्याबाई तिथंही असणारच. आमच्यासारखी कित्येक मराठी घरं त्या ‘राहू दे’मध्येच इथं राहिली, असा मला दाट संशय आहे.

बांधाबांधीचे नियम साधे असतात. जड वस्तू लहान खोक्यात, हलक्या मोठ्या खोक्यात. पण घरातला उत्साही माणूस टावर चौकातल्या दुकानदाराकडून सगळ्यात मोठं खोकं मागून आणतो आणि त्यात केतकरांचा ज्ञानकोश भरतो. हमाल एकदा उचलून पाहतो, खाली ठेवतो आणि विचारतो, “भिया, पत्थर भरे हैं क्या?” फ्रिज कोरडा पुसून दार किंचित उघडं ठेवायचं, नाहीतर आत वासाचं बिऱ्हाड होतं. कूलरचं पाणी काढायचं, जाळ्या उन्हात वाळवायच्या. गाद्यांना प्लॅस्टिक गुंडाळलं, की माळव्याचा पावसाळा आत बुरशी धरतो. त्यापेक्षा जुनी सुती चादर बरी. खाली विटांवर फळ्या, भिंतीपासून वीतभर अंतर, कारण वाळवीला मुहूर्त लागत नाही.

खोक्यावर नाव लिहायचं ते बाजूला. वर लिहिलेलं दुसऱ्या खोक्याखाली जातं. आणि ‘किरकोळ’ हे तर कधीही लिहू नये. शेजारच्या काकूंच्या निम्म्या खोक्यांवर ‘किरकोळ’ आहे. इस्त्री, वीजबिलांची फाइल, काकांची जादाची कवळी, सगळं किरकोळात. काका सध्या मऊ भातावर आहेत. महालक्ष्म्यांचे मुखवटे मात्र काकूंनी गोदामात जाऊ दिले नाहीत. भाड्याच्या खोलीतला एकुलता एक कोनाडा त्यांना मिळाला. काकांचा रेडिओ पलंगाखाली गेला.

खरं कौशल्य खोली गच्च भरण्यात नसून मधोमध माणूस जाईल एवढी वाट सोडण्यात आहे. ही वाट कुणालाच बघवत नाही. ‘इथं एक टेबल सहज मावेल,’ असं कुणीतरी म्हणतं, टेबल मावतं, आणि त्यानंतर मागच्या रजया मिळवायला पुढचं अख्खं घर बाहेर रस्त्यावर मांडावं लागतं. चाट खायला निघालेले लोक थांबून विचारतात, “विकायचं आहे का?”

हा प्रश्न रास्त आहे. भाड्याच्या रकमेत त्यातल्या बऱ्याच वस्तू नव्या आल्या असत्या. पण वात नसलेल्या स्टोव्हला हात लावला, की काकू म्हणतात, “अहो, राहू दे. सिंहस्थात पाहुणे येतील.” या वाक्यापुढे उज्जैनमध्ये कुणाचं काही चालत नाही. बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वासाठी इथं बादल्या, सतरंज्या, तांबे, मोडक्या खाटा सांभाळल्या जातात. २०१६ च्या सिंहस्थात पाहुणे आले, तेव्हा त्यातली एकही वस्तू वेळेवर सापडली नाही. सगळं नवं आणलं. आता ते नवंही २०२८ साठी बांधून ठेवलं आहे.

तेव्हा त्या वर्षी शिप्रेवर स्नानाला जरूर या, आमच्याकडेच उतरा. फक्त आपापली उशी आणि पांघरूण सोबत आणा.