भोगवटादार वर्ग २

स्मार्टफोनची मालकी ही वर्ग २ ची मालकी असते. सातबाऱ्यावरचा वर्ग २ चा भोगवटादार जमीन कसतो, पाणी पाजतो, सारा भरतो. विकायची म्हटली की मात्र त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. फोनमालकावरची अट फक्त उलट्या बाजूने आहे. फोन विकायला त्याला कोणी अडवत नाही. हप्ते त्याचे, फुटलेली काच त्याची, चार्जरही अलीकडे वेगळा विकत घेतलेला. पण आतली एखादी गोष्ट बदलायची म्हटली की ‘इतर हक्क’ या रकान्यातली मंडळी उठून उभी राहतात. त्यांत कंपनी असते, गूगल असते, बँक असते आणि अधूनमधून सरकारही असते.

या हक्कांचा पहारेकरी म्हणजे बूटलोडर. फोन सुरू करताच सर्वांत आधी हाच जागा होतो आणि पुढे चालू होणाऱ्या प्रणालीवर कंपनीची सही आहे की नाही ते तपासतो. सही नसेल तर आत प्रवेश नाही. काही कंपन्या हे कुलूप उघडू देतात, पण उघडताना फोनमधला सगळा मजकूर पुसला जातो. शाओमीकडे अर्ज केल्यावर १६८ तास थांबावे लागण्याची पद्धत अनेक वर्षे प्रसिद्ध होती. सात दिवस म्हटले असते तर प्रतीक्षा कमी वाटली असती. सॅमसंगच्या फोनमध्ये परकी प्रणाली घातली की आतला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा उडतो आणि मूळ प्रणाली परत घातली तरी तो जुळून येत नाही. ॲपलने तर कुलूपच असे बसवले आहे की किल्ली मागण्याची खिडकीच नाही.

साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या मारुती रोडपर्यंत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत ही कुलपे उघडण्याच्या शास्त्राची स्थानिक शाखा चालते. तिथे सॉफ्टवेअर ‘मारतात’ आणि पॅटर्न ‘तोडतात’. फोन रीसेट केल्यावरही जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसणाऱ्या कुलपाला एफआरपी म्हणतात. ऊसपट्ट्यात याच नावाची दुसरीही एक चीज आहे: कारखान्याने द्यायची उसाची रास्त किंमत. ती कायद्याने १४ दिवसांत यायला हवी आणि येत नाही. फोनमधली जायला हवी आणि जात नाही.

वस्तू विकत घेतली की ती खोलायची, हा या दोन जिल्ह्यांचा जुना संस्कार आहे. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनणारी प्रिया वाटेत बंद पडली की मालक तिला आडवी करी, प्लग काढून पुसे आणि किक मारी. यासाठी कंपनीला अर्ज करावा लागत नसे. आजही उसाच्या रानात पंपाच्या पेटीत एखादा जुना कीपॅडचा फोन तारांनी स्टार्टरला जोडून ठेवलेला सापडतो. वीज आली की शेतकरी घरी अंथरुणातूनच त्याला मिस्ड कॉल देतो आणि मोटर सुरू होते. तो फोन बोलण्यासाठी बनला होता. त्याला पाणी पाजायला लावले, तरी त्याच्या मालकाला कोणी नियम व अटी दाखवल्या नाहीत.

या परंपरेतला सर्वांत गाजलेला खटला कोर्टात नव्हे, ट्विटरवर चालला. कडेगाव तालुक्यातले देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून सुमारे ६० हजार रुपयांत एक छोटी जीप बनवली. ती किक मारून सुरू होई आणि तिचे स्टिअरिंग डावीकडे होते. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ महिंद्रा कंपनीच्या आनंद महिंद्रांनी पाहिला. त्यांनी कौतुक केले आणि सोबत एक व्यवहारी शंकाही मांडली: ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा आज ना उद्या अधिकारी ती अडवणारच. त्यावर त्यांनी तोडगाही सुचवला. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली आणि जीप महिंद्रांकडे गेली. फेरफाराच्या स्वातंत्र्याचा याहून सुखान्त निकाल नोंदलेला नाही: फेरफार कंपनीकडे, कंपनीची गाडी फेरफार करणाऱ्याकडे. त्या बोलेरोत मात्र मनासारखा बदल करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते.

गाडीच्या बाबतीत निदान कायदा आड येतो, तो विधिमंडळात किंवा संसदेत बदलता येतो. फोनच्या बाबतीत आड येतो तो करारनामा, जो मालकाने न वाचताच ‘मान्य’ केलेला असतो. अमेरिकेत आयफोनचे कुलूप तोडणे कायदेशीर आहे की नाही हे २०१० मध्ये ठरवले ते काँग्रेसच्या ग्रंथपालांनी, कारण तिथे हा प्रश्न स्वामित्वहक्काच्या कायद्यात मोडतो. ग्रंथपालांनी परवानगी दिली.

भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि आधीपासून भरलेली ॲप मालकाला काढू द्या, असेही बजावले. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि ॲप काढू देण्याचा आदेश रद्द केला. म्हणजे दंड सरकारजमा आणि ॲप मालकाजवळ. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये भरण्याचा आदेश काढला. ओरड झाल्यावर ३ डिसेंबरला तो मागे घेतला. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, पोर्टलही काढले. त्यात सुटे भाग आहेत, माहितीपुस्तिका आहेत; बूटलोडरची किल्ली नाही.

कंपन्यांचे म्हणणे असे की कुलूप मालकाच्याच सुरक्षिततेसाठी आहे. हे निम्मे खरे आहे. अडाणी हातांनी रूट केलेल्या, म्हणजे आतले सगळे अधिकार खुले केलेल्या, फोनमधून खाते रिकामे होऊ शकते. पण मालकाने स्वतः नवी, ताजी प्रणाली घातलेल्या फोनला बँकेचे ॲप दारातच हाकलते, आणि ज्या फोनला कंपनीने वर्षानुवर्षे सुरक्षेचे एकही अपडेट पाठवलेले नाही, त्याच्यावर तेच ॲप हसतमुखाने उघडते. आयएमईआय क्रमांकाची गोष्ट वेगळी. तो बदलणाऱ्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे आणि ती योग्यच आहे, कारण तो क्रमांक चोरच बदलतो. बाकी कुलूप असायला हरकत नाही. वॉरंटी गेली तर जावी, जळाला तर फोन मालकाचा जावा. मात्र किल्ली पावतीसोबत मिळायला हवी.

ती मिळेपर्यंत नवा फोन घेणाऱ्याने मेगापिक्सेल विचारण्याआधी दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावेत: सुरक्षेचे अपडेट किती वर्षे येणार, आणि बूटलोडर उघडतो का? समाधानकारक उत्तर येईपर्यंत जुना फोन मोडीत काढू नये.