‘एक ईमेल टाकतो’ म्हणणाऱ्या जावईबापूंस

चि. जावईबापूंस,

मावससासूचे अनेक उत्तम आशीर्वाद. (हात सवयीने लिहून गेला. मनावर घेऊ नका.)

पत्र उघड्यावर लिहिते आहे, कारण तुमच्यासारखे जावई एडिसनपासून फ्रीमाँटपर्यंत मुबलक आहेत आणि प्रत्येकाला वेगळं लिहायला मला वेळ नाही. मी लोकांचे टॅक्स भरून देते, हे तुम्हाला माहीत आहे. त्या कामाचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून आत्ताच आठवण करून देते.

ऐकलं ते असं. आमटीत मीठ जास्त पडलं, माहेरी फोन लांबला, तुमच्या मातोश्रींना उलट उत्तर गेलं, की तुम्ही आमच्या पोरीला एकच वाक्य ऐकवता: ‘एक ईमेल टाकतो, ग्रीन कार्ड रद्द, पुढच्या विमानाने सांगली.’ काय हा दरारा! इमिग्रेशनच्या कार्यालयात साधी चौकशी करायची तर माणसं फोन कानाला लावून यंत्राशी हुज्जत घालत बसतात. आणि तुमचा ईमेल पोचला की साहेब हातातली कॉफी टाकून धावत सुटतात! एवढी वट होती तर लग्नानंतर पोरीची मुलाखत लवकर लावून घ्यायची होती. बिचारी बॅग भरून सांगलीत किती महिने बसली होती.

मी वकील नाही. पण फॉर्म वाचता येतात, आणि तुम्ही सह्या करताना जे वाचलं नाही ते मी वाचलं आहे.

तिच्या कार्डापासून सुरुवात करू. त्यावर मुदत दोन वर्षांची आहे आणि प्रकाराच्या रकान्यात ‘सीआर’ ही अक्षरं आहेत, म्हणजे सशर्त. ती इथे उतरली तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून. खोटी लग्नं लावून लोक देशात शिरतात या धास्तीने १९८६ साली अमेरिकेने हा कायदा केला. दोन वर्षांची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ नावाचा अर्ज भरायचा, लग्न खरं असल्याचे पुरावे जोडायचे, मग अट निघते आणि दहा वर्षांचं कार्ड येतं. या जोडीच्या अर्जावर तुमची सही लागते. त्या एका सहीच्या जोरावर तुम्ही घरात संस्थान चालवताय. ‘सही करायची की नाही ते तुझ्या वागण्यावर.’ वा!

आता महाराज, पुढचं पान उलटा. त्याच अर्जावर, त्याच पानावर, आणखीही चौकोन आहेत. लग्न प्रामाणिकपणे केलं होतं पण घटस्फोट झाला, हा एक. लग्न प्रामाणिक होतं पण नवऱ्याने मारहाण किंवा पराकोटीचा छळ केला, हा दुसरा. देशाबाहेर काढलं तर अपार हाल होतील, हा तिसरा. यातल्या कुठल्याही चौकोनावर खूण केली की अर्ज तिचा एकटीचा. तुमची सही नको, तुमची हजेरी नको, ९० दिवसांची वाट पाहणंही नको. घटस्फोटाच्या चौकोनाला कोर्टाचा अंतिम हुकूम लागतो, छळाच्या चौकोनाला तोही लागत नाही. आणि समजा जोडीने अर्ज भरला आणि मधेच काडीमोड झाला, तर तोच अर्ज पुढे एकटीच्या नावाने चालवा अशी विनंती करता येते. अर्ज पोचल्याची पावती आली की जुन्या कार्डाची मुदत वाढते. २०२३ पासून ही वाढ ४८ महिन्यांची आहे. कागदाच्या एका चिटोऱ्यावर चार वर्षं!

सरकारला लग्न खरं होतं का एवढंच विचारायचं असतं, टिकलं का हे नाही. टिकलं नाही याचा दाखला तर तुम्ही रोज देताच आहात.

पुराव्याची जबाबदारी मात्र तिची, हे खरं, आणि इथे तुमची हुशारी मान्य केली पाहिजे. घराच्या करारावर तिचं नाव नाही. गाडी तुमची. वीज, पाणी, फोन, सगळी बिलं तुमच्या नावावर. बँकेतलं जोडखातं तर तुम्ही तिला न सांगता बंदच केलंत. एवढ्या संसारात पोरीच्या नावावर एक कॉस्टकोचं कार्ड तेवढं उरलं, तेही फोटोसकट, म्हणून बरं.

पण जावईबापू, टॅक्स! दरवर्षी तुम्ही ‘विवाहित, एकत्रित’ म्हणून विवरणपत्र भरलंत, कारण त्यात पैसे वाचतात. खोटं सांगितलं तर शिक्षा होईल हे मान्य करून खाली सही केलीत. तिचीही घेतलीत, अर्ध्या मिनिटात, गॅसपाशी उभी असताना. त्या विवरणपत्रांचे सरकारी उतारे ती आयआरएसकडून स्वतः, फुकट, मागवू शकते. ते आता माझ्या टेबलावर आहेत. शिवाय कंपनीच्या आरोग्यविम्यात ‘पत्नी’ म्हणून तिचं नाव आहे, गणपतीचे फोटो आहेत, आणि तुमच्या आईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पस्तीस ओळींच्या सूचना आहेत: सूनबाईंनी कुठलं व्रत करावं आणि नातू कधीपर्यंत हवा. खोट्या लग्नातल्या सुनेला कोण एवढं लिहितं?

त्यावर तुमचं म्हणणं असं कळलं की ‘मग लग्नच खोटं होतं असं कळवतो’. कळवा ना. पण खोट्या लग्नाला कायद्यात पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, आणि तो फक्त नवरीला नाही. बोहल्यावर दुसरं कोण उभं होतं, हे विचारतील तेव्हा काय सांगणार? फेटा तुम्हाला शोभत होता हो, अल्बम आहे माझ्याकडे.

आता माझ्या आवडत्या कागदाकडे येते. आय-८६४. आठवतो? तिला व्हिसा मिळावा म्हणून भरलेलं आर्थिक जबाबदारीचं हमीपत्र. तेव्हा तुम्ही फोनवर म्हणाला होतात, ‘फॉर्मॅलिटी आहे मावशी.’ ती फॉर्मॅलिटी म्हणजे तुम्ही आणि अमेरिकेचं सरकार यांच्यातला करार आहे. सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के एवढ्या उत्पन्नाच्या पातळीवर तिला ठेवण्याची जबाबदारी तुम्ही घेतली आहे. तिची कमाई त्याहून कमी पडली तर फरक तुमच्या खिशातून, आणि नाही दिलात तर ती तुमच्यावर दावा लावू शकते. ही जबाबदारी संपते कधी? ती अमेरिकेची नागरिक झाली, किंवा तिच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या, किंवा ती कायमची देश सोडून गेली, किंवा दोघांपैकी कोणी वारलं, तर. घटस्फोट या यादीत नाही. पुन्हा वाचा, चष्मा लावून: नाही. सप्तपदीतून न्यू जर्सीचं कोर्ट तुम्हाला सोडवील, या कागदातून नाही. आणि हो, घर बदललंत तर नवा पत्ता ३० दिवसांत सरकारला कळवायचा असतो, तोही याच हमीपत्रापायी. गेल्या दिवाळीत तुम्ही घर बदललंत. कळवलंत का?

छळाबद्दल मी फार लिहीत नाही, ते पोरीने लिहायचं आहे आणि ती लिहिते आहे. एवढंच सांगते की छळाच्या अशा अर्जाला इथे १९९६ पासून कायद्याने गुप्तता आहे. सरकार छळणाऱ्या नवऱ्याला काही कळवत नाही, आणि फक्त त्याच्या सांगण्यावरून तिच्याविरुद्ध निर्णय घेता येत नाही. म्हणजे तुमचा तो जगप्रसिद्ध ईमेल. न्यू जर्सीतच ‘मानवी’ ही संस्था १९८५ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करते आहे. तिथल्या बायकांनी तुमचं वाक्य इतक्या भाषांत ऐकलंय की त्या पुढचं वाक्य तुमच्या आधी म्हणून दाखवतील.

सगळं काही आमच्या बाजूने आहे असं नाही, आणि ते मी लपवत नाही. नागरिकाशी संसार चालू असला तर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मोडला आणि घटस्फोटाच्या चौकोनावर अट काढली तर इतरांसारखी पाच वर्षं थांबायचं. ही दोन वर्षं तुम्ही खाल्लीत. दुसरं, अर्जाची तारीख. कार्डाची मुदत संपेपर्यंत कुठलाच अर्ज गेला नाही तर रहिवास जातो आणि प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जाऊन पडतं. म्हणूनच ना तिच्या नावाची पाकिटं टपालपेटीतून थेट तुमच्या ड्रॉवरमध्ये जात होती? दुसऱ्याचं टपाल अडवून ठेवणं हा केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. ड्रॉवरचा फोटो काढलेला आहे.

आणि तुमचा तो मित्र, एच-१बीवाला, ज्याने तुम्हाला हे वाक्य शिकवलं. त्याच्या घरी ते वाक्य खरं आहे, याचा मला जास्त संताप येतो. त्याची बायको त्याच्या व्हिसाला जोडलेल्या एच-४ वर. घटस्फोटाचा हुकूम होईल त्या दिवशी तिचा व्हिसा संपेल. नोकरीतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. त्या रांगेत ती नवऱ्याच्या मागे उभी. कार्ड मंजूर व्हायच्या आदल्या दिवशी घटस्फोट झाला तर तिच्या हाती शून्य. मंजुरीनंतर झाला तर तिचं कार्ड तिचं, दहा वर्षांचं, कुठलीही अट नाही. इंजिनिअर पोरगी, डोळे मिटून दिवस मोजते. कॅनडाने २०१२ मध्ये जोडीदारांना अशी दोन वर्षांची अट घातली होती. छळ होणाऱ्या बायका अडकून पडतात हे लक्षात आल्यावर २०१७ मध्ये काढून टाकली. इथे १९८६ ची अट अजून तशीच आहे, आणि रांगेचं तर बोलायलाच नको.

बरं, तुमचा पुढचा बेतही कानावर आला आहे. ‘भाच्याच्या मुंजीला जाऊ’ म्हणून तिला सांगलीला न्यायचं, पासपोर्ट आणि कार्ड ‘माझ्याकडे सुरक्षित राहील’ म्हणून घ्यायचं, आणि एकट्याने परत यायचं. कार्ड हरवलं आणि मायदेशी येऊन वर्ष व्हायचं असलं तर अमेरिकी वकिलातीतून विमानात बसण्यापुरता कागद मिळतो. तेवढ्या वेळात ती सांगलीच्या पोलीस ठाण्यातही जाऊन येईल. छळ कुठेही झालेला असो, बायको जिथे आश्रयाला आली तिथेही तक्रार होते, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगितलं आहे. राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांसाठीचा कक्ष २००९ पासून आहे. पत्ता मी पोरीला दिला आहे. तिची कागदपत्रं आता माझ्या कपाटात असतात, त्यामुळे मुंजीला तुम्ही एकटेच जा. अहेर माझ्याकडून.

आणि तिथे गेल्यावर मातोश्री दुसरी मुलगी दाखवणार आहेत, हेही कळलं. वधुवर मंडळात नाव घातलंय म्हणे: ‘अमेरिकन सिटिझन, निर्दोष घटस्फोटित.’ थोडी घाई झाली. न्यू जर्सीत तुम्ही ‘मतभेद’ एवढ्या कारणावर हुकूम मिळवाल, मिळतो. सहा महिने पटत नाही एवढं पुरतं. पण तुमचं लग्न सांगलीच्या कार्यालयात, हिंदू विवाह कायद्याखाली लागलं आहे. त्या कायद्यात ‘आमचं पटत नाही’ हे कारणच नाही. ज्या कायद्याने लग्न लागलं त्यात नसलेल्या कारणावर, बायकोची संमती नसताना, परक्या कोर्टाने दिलेला घटस्फोट भारतात मान्य होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये मिसूरीच्या एका हुकुमाबाबत सांगितलं आहे. तेव्हा गंमत पाहा. तो हुकूम अर्जाला जोडून आमची पोरगी इथे एकटीच्या चौकोनावर खूण करणार, आणि त्याच हुकुमाच्या भरवशावर तुम्ही पुण्यात अंतरपाटापुढे उभे राहिलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८२ तुमच्या मुंडावळ्या सोडायला येईल. सात वर्षांपर्यंत कैद आहे. तिथे मानपान नसतो.

तिची संमती हवी असेल तर मिळू शकेल. दोघांनी मिळून, रीतसर. त्यासाठी आधी आय-८६४ ची पुढची बाकी, स्त्रीधनाचा हिशेब आणि ड्रॉवरमधली पाकिटं घेऊन रविवारी सकाळी या. वकीलबाई अकराला येतात, चहा मी ठेवीन. येताना ईमेल टाका, तुम्हाला ती सवय आहेच.

कळावे,
तुमच्या बायकोची मावशी

ता. क. यंदा विवरणपत्र ‘विवाहित, स्वतंत्र’ म्हणून भरावं लागेल. तिने सही करायला नकार दिला आहे. तुमचं मी भरून देणार नाही, दुसरीकडे बघा.